पाणी कोराडीला गेलं, नदी तशीच राहिली: नागपूरच्या सांडपाण्याचा हिशोब

सांडपाण्याच्या पुनर्वापरावर देशात कुठेही परिषद भरली की भांडेवाडी आणि कोराडी ही दोन नावं हमखास निघतात. नागपूर महापालिकेनं भांडेवाडीत गोळा होणारं शहराचं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला विकलं, त्यातून शुद्धीकरण केंद्र (एसटीपी) उभं राहिलं आणि वर दरसाल पैसेही मिळू लागले. जागतिक बँकेनं या व्यवहारावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे. व्यवहार चांगला होता यात शंका नाही. पण त्याच शहरातून वाहणारी नाग नदी साफ करायला पुढे सुमारे १,९२७ कोटी रुपयांचा वेगळा प्रकल्प मंजूर करून घ्यावा लागला. सांडपाणी विकणाऱ्या शहराची नदी घाणच का राहिली, याचं उत्तर तंत्रज्ञानात मिळत नाही. पैसा कुठून आला आणि कशासाठी आला, हे पाहिलं की मिळतं.

आधीचं चित्र

२०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या २४ लाखांच्या थोडी वर होती. शहराला पाणी मुख्यतः पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून येतं. वापरून झालेलं पाणी, म्हणजे दिवसाला ५०० दशलक्ष लिटरच्या वर (यापुढे आपण सगळ्यांसारखं एमएलडीच म्हणू), उतारानं पिवळी, नाग आणि पोरा या तीन नद्यांकडे जातं. मलनिःसारणाचे उत्तर, मध्य आणि दक्षिण असे तीन झोन याच तीन खोऱ्यांवरून पडले आहेत. पुढे हे सगळं कन्हानला मिळतं, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगेवर पवनीजवळ गोसीखुर्द धरण आहे. म्हणजे नागपूरच्या फ्लशचं पाणी भंडारा जिल्ह्याच्या धरणात साठतं. तिथल्या जलपर्णीच्या आणि दूषित पाण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालू आहेत. त्या तक्रारी करणारे नागपूर महापालिकेचे मतदार नाहीत, ही बाब पुढच्या सगळ्या हिशोबात लक्षात ठेवावी लागते.

दुसऱ्या बाजूला पेंचच्या पाण्यावर दावेदार वाढत होते. प्रकल्प मुळात सिंचन आणि वीज यांच्यासाठी. त्यातून शहराचं पिण्याचं आरक्षण वाढत गेलं. शहराच्या उत्तरेला महानिर्मितीची, म्हणजे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीची, कोराडी आणि खापरखेडा ही दोन औष्णिक वीज केंद्रं, त्यांनाही पाणी हवंच. आणि कोराडीत प्रत्येकी ६६० मेगावॅटचे तीन नवे संच यायचे होते. विस्तार करायचा तर पाणी आणायचं कुठून? पेंचमधून मागावं तर शेतकरी रस्त्यावर येणार, आणि शहरही.

अशा वेळी वीज केंद्राची नजर सांडपाण्याकडे वळणं स्वाभाविक होतं. शीतकरण मनोऱ्यात (कूलिंग टॉवरमध्ये) पाणी थंडाव्यासाठी फिरतं आणि त्यातला मोठा भाग वाफ होऊन उडून जातो. त्यासाठी पिण्याच्या दर्जाचं पाणी लागत नाही. लागतं ते रोज, न चुकता, ठरलेल्या प्रमाणात. आणि पावसाळा कसाही गेला तरी मोठ्या शहरातून रोज बाहेर पडणारी खात्रीची गोष्ट एकच.

एसटीपी बांधणं सोपं, चालवणं महाग

व्यवहाराकडे जाण्याआधी एक राष्ट्रीय आकडा पाहू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ एमएलडी सांडपाणी तयार होत होतं. उभारलेल्या केंद्रांची क्षमता होती ३१,८४१ एमएलडी. त्यातली चालू क्षमता २६,८६९. आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होत होती फक्त २०,२३६ एमएलडीवर.

पहिल्या दोन आकड्यांतली तफावत सगळ्यांना दिसते, कारण ती भरून काढायला नवे टेंडर निघते. दुसऱ्या आणि चौथ्या आकड्यातली तफावत मात्र कुणाच्या भाषणात येत नाही. बांधलेल्या क्षमतेचा तिसरा हिस्सा रिकामा होता. काही ठिकाणी केंद्रापर्यंत मैलाच पोहोचत नाही, कारण गडरलाईन जोडलेली नाही. काही ठिकाणी हवा सोडणारे ब्लोअर बंद ठेवले जातात, कारण वीजबिल भरायचं कुणी. एसटीपीच्या चालू खर्चात वीज हाच मोठा घटक. मैल्यातले जिवाणू जगवायला टाकीत हवा सोडत राहावी लागते, रात्रंदिवस. मशीन बंद केलं तरी शहरात काहीही बिघडल्यासारखं दिसत नाही. नळाला पाणी येतं, संडास वाहून जातो, घाण खालच्या गावाला. पाणीपुरवठ्याचा पंप तासभर बंद पडला तर नगरसेवकाचा फोन खणखणतो. एसटीपी महिनाभर बंद राहिली तरी एक फोन येत नाही.

उत्पन्नाची बाजू याहून कच्ची. मलनिःसारणाचा कर मालमत्ता कराच्या बिलात एक ओळ म्हणून येतो, घराच्या करमूल्यावर बेतलेला, घरातून किती मैला बाहेर गेला त्यावर नाही. वसुली झाली की रक्कम महापालिकेच्या एकत्रित तिजोरीत. तिथून ती पगारात जाते की डांबरात, याचा माग काढणं अवघड. त्यामुळे बँकेकडे जाऊन ‘या उत्पन्नावर कर्ज द्या’ म्हणायची सोय उरत नाही. भांडवल केंद्राच्या योजनेतून येतं, तेवढ्यापुरती केंद्रं उभी राहतात आणि चालवायची वेळ आली की हात आखडतात.

भांडेवाडीतच आधीपासून १०० एमएलडीचं एक केंद्र होतं. ५०० च्या वर मैला आणि १०० ची क्षमता, अशा जागेवरून नागपूरनं सुरुवात केली.

व्यवहार काय होता

डिसेंबर २००५ मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू झालं. नागपूरसारख्या दहा लाखांच्या वर आणि चाळीस लाखांच्या आत लोकसंख्या असलेल्या शहरांसाठी सूत्र होतं ५०:२०:३०. केंद्राचे पन्नास टक्के, राज्याचे वीस आणि महापालिकेचे तीस. अनेक शहरांची गाडी या तिसावर अडकली. नागपूरनं तो वाटा ग्राहकाकडून आणला.

सौदा थोडक्यात असा. भांडेवाडीला १३० एमएलडीचं नवं केंद्र महानिर्मितीनं उभारायचं आणि चालवायचं. जागा आणि कच्चं सांडपाणी महापालिकेनं द्यायचं. ११० एमएलडी प्रक्रिया केलेलं पाणी कोराडीला न्यायचं. मंजूर किंमत सुमारे १३० कोटी, तिचे सत्तर टक्के म्हणजे ९० कोटींच्या आसपास अनुदान अभियानातून, उरलेलं महानिर्मितीचं. पुढे प्रकल्पाचा खर्च वाढून १९५ कोटींच्या घरात गेला. अनुदान तेवढंच राहिलं, वाढीव भार ग्राहकानं उचलला. शिवाय सांडपाण्याच्या बदल्यात महापालिकेला वर्षाला १५ कोटी रुपये.

यातली खुबी अशी की बांधकामाची, यंत्रांची आणि रोजच्या चालवण्याची जोखीम अशा हातात गेली, ज्याला पाणी खरोखर हवं आहे. पाण्याचा दर्जा बिघडला तर कोराडीच्या कंडेन्सरच्या नळ्यांत क्षार साचणार, गंज धरणार. फॉस्फेट, अमोनिया, कडकपणा, क्लोराईड हे आकडे तिथल्या रसायनज्ञाला रोज बघावेच लागतात, कुणी परिपत्रक काढलं म्हणून नव्हे. प्रदूषण मंडळाची तपासणी कधीतरी होते. कूलिंग टॉवरची रोज होते. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, आणि गौरवाच्या भाषणांत तिचा उल्लेख क्वचित येतो. तिथे १५ कोटींचाच गजर.

१५ कोटी म्हणजे किती

म्हणून त्या १५ कोटींकडे नीट बघू. ११० एमएलडी वर्षभर उचललं तर साधारण चार कोटी घनमीटर पाणी होतं. १५ कोटींना चार कोटींनी भागा: घनमीटरला, म्हणजे हजार लिटरला, साडेतीन-पावणेचार रुपये. जागतिक बँकेच्या अभ्यासात हाच दर ३.४ रुपये आणि त्याच्या तुलनेत ताज्या पाण्याचा दर ९.६ रुपये धरला आहे. वरवर पाहता महानिर्मितीला पाणी जवळपास तिसऱ्या हिश्शाच्या किमतीत मिळालं.

पण ही तुलना जपून वाचावी. साडेतीन रुपये कच्च्या मैल्याचे आहेत. त्यावर महानिर्मितीनं गुंतवलेलं भांडवल, त्याचं व्याज, प्रक्रियेची वीज, क्लोरीन, गाळाची विल्हेवाट आणि भांडेवाडीपासून कोराडीपर्यंत शहराच्या पूर्व टोकाकडून उत्तरेला पाणी ढकलायचा खर्च हे सगळं चढवायचं. तेव्हा कुठे खरा दर कळतो. सुरतेत महापालिका स्वतः तृतीय स्तरापर्यंत, म्हणजे नेहमीच्या शुद्धीकरणापुढची आणखी एक, प्रक्रिया करून पांडेसराच्या कापड प्रक्रिया कारखान्यांना पाणी पोहोचवते, तिथला दर हजार लिटरला वीस रुपयांच्या वर आहे. सुरतचे वीस आणि नागपूरचे साडेतीन शेजारी ठेवून ‘नागपूरनं स्वस्तात विकलं’ असा निष्कर्ष काढणारे लेख मी वाचले आहेत. दोन्ही ठिकाणी विकला गेलेला माल एक नाही. एकानं धान्य विकलं, दुसऱ्यानं भाकरी.

मागणीचाही अंदाज घेऊ. डिसेंबर २०१५ मध्ये पर्यावरण मंत्रालयानं औष्णिक केंद्रांच्या पाणीवापरावर मर्यादा आणली. कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या केंद्रांसाठी ती मेगावॅट-तासाला ३.५ घनमीटर. कोराडीचे तीन नवे संच मिळून १,९८० मेगावॅट. चोवीस तास पूर्ण क्षमतेनं चालले तर या मर्यादेत दिवसाला १६६ एमएलडी पाणी लागेल. प्रत्यक्षात कोणतंही केंद्र वर्षभर शंभर टक्के चालत नाही, त्यामुळे ११० एमएलडी म्हणजे गरजेचा मोठा हिस्सा भागला. तेवढंच पाणी माणशी रोज १३५ लिटर या शहरी निकषानं मोजलं तर आठ लाख लोकांचं होतं. पेंचवरचा एवढा भार टळला हे नागपूरचं खरं उत्पन्न. ते महापालिकेच्या अंदाजपत्रकात कुठल्याच ओळीत दिसत नाही.

शेवटी पैसे कोण भरतं

महानिर्मिती वीज विकते, तिचा खर्च वीजदरात धरला जातो. जानेवारी २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणात तर स्पष्टच आलं की महापालिकेच्या किंवा अन्य स्थानिक संस्थेच्या सांडपाणी केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरणं बंधनकारक, आणि त्याचा खर्च दरात समाविष्ट करून घेता येईल. नागपूरचा सौदा या धोरणाच्या आधीचा. धोरणामुळे त्याच्यामागे नियमाचं पाठबळ आलं.

म्हणजे भांडेवाडीच्या केंद्राचे पैसे दोन खिशांतून आले. अनुदानाचा भाग देशाच्या आणि राज्याच्या करदात्याचा, बाकीचा महाराष्ट्रातल्या वीजग्राहकाचा. नागपूरच्या घरमालकाला मलनिःसारणापोटी एक रुपयाही जास्त द्यावा लागला नाही. हे योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकतो. माझं मत सांगतो: वीजग्राहकानं पैसे देण्यात फारसं वावगं नाही, कारण पाण्याशिवाय वीज झाली नसती. पण शहरानं स्वतःच्या घाणीसाठी काहीही न भरण्याची सवय याच व्यवहारानं पक्की केली. ‘आपलं सांडपाणी तर सोनं आहे, लोक विकत घेतात’ असं एकदा सभागृहात म्हटलं गेलं की मलनिःसारण कर वाढवण्याचा प्रस्ताव कोण मांडणार?

खात्रीच्या पाण्याची खात्री

करारात महापालिकेची मुख्य जबाबदारी म्हणजे ठरलेलं सांडपाणी मिळत राहील हे बघणं. ऐकायला हे फुकटचं आश्वासन वाटतं. सांडपाणी काय, येतंच. पण मध्य प्रदेशात पेंच नदीवर चौराईला धरण झालं, खाली पेंचच्याच तोतलाडोह जलाशयात येणारा येवा घटला, आणि पाऊस लांबल्यावर जुलै २०१९ मध्ये नागपूरला आठवड्यातून तीन दिवस नळ बंद ठेवण्याची वेळ आली. घरात आलेल्या पाण्याचा साधारण ऐंशी टक्के भाग सांडपाणी म्हणून बाहेर पडतो, असं नियोजनात धरतात. नळ कोरडा म्हटल्यावर गडरही अर्धी. दुष्काळात पेंचवर अवलंबून राहायला नको म्हणून वीज केंद्र सांडपाण्यावर आलं; पण ते सांडपाणीही पेंचचंच, एकदा शहरातून फिरून आलेलं. धोका कमी झाला, नाहीसा झाला नाही.

दुसरी जोखीम ग्राहक एकच असण्याची. वीज केंद्र तीस वर्षं त्याच जोमानं चालेल असं आज कुणी छातीठोक सांगणार नाही. सौर वीज दुपारी स्वस्त झाली की औष्णिक संच खाली घेतले जातात, तेवढं पाणी कमी लागतं. मैला मात्र दुपार बघत नाही. अशा वेळी केंद्र कुणाच्या खर्चानं चालायचं, याचं उत्तर करारात असावं लागतं, आणि विक्रीवर उभ्या असलेल्या प्रत्येक एसटीपीच्या बाबतीत हा प्रश्न कधी ना कधी येणारच.

भांडेवाडीचं जुनं १०० एमएलडीचं केंद्र पुढे खासगी भागीदाराकडून २०० एमएलडीचं करून घेतलं गेलं. म्हणजे कागदावर शहराची क्षमता ३३० एमएलडीच्या आसपास पोहोचली. एका दशकात शंभरावरून तीनशेवर, ही झेप देशातल्या फार थोड्या शहरांनी घेतली आहे. त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

मग नदी?

ग्राहकाला पाणी हवं असतं ते एका ठिकाणी, मोठ्या प्रमाणात. भांडेवाडीला नाल्यातून आणि मोठ्या वाहिन्यांतून मैला आधीच गोळा होऊन येत होता. त्यातले ११० एमएलडी उचलले की ग्राहकाचं काम झालं. वरच्या वस्त्यांत कुठल्या गल्लीतली गडर थेट नदीत सुटते, कुठल्या ले-आउटला लाईनच नाही, कुठे चेंबर फुटून पावसाळी नालीत मैला मिसळतो, याच्याशी त्याचा संबंध नाही. नदी बाराही महिने घाण राहते ती या बारीक तोंडांमुळे.

एक गोष्ट तर उफराटीच आहे. केंद्रातून बाहेर पडणारं स्वच्छ पाणी नळानं कोराडीला जातं. नदीला उरतं ते केंद्रापर्यंत न पोहोचलेलं. डोंगरातून येणारा नैसर्गिक प्रवाह उन्हाळ्यात जवळपास शून्य, तेव्हा पात्रात जे वाहतं त्यात पातळ करायला स्वच्छ पाणी नाही. एकूण प्रदूषणाचा भार कमी झाला, हे खरं. पण नदीकाठी उभ्या माणसाला भार दिसत नाही, रंग आणि वास दिसतो.

आता नाग नदी प्रदूषण निर्मूलन प्रकल्पाचे आकडे बघा. राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेखाली मंजूर झालेल्या या प्रकल्पाची किंमत सुमारे १,९२७ कोटी. जपानच्या जायका संस्थेचं कर्जसाहाय्य त्यामागे आहे. त्यात नव्या शुद्धीकरण केंद्रांची एकत्रित क्षमता ९२ एमएलडी. कोराडीसाठी उभारलेलं केंद्र १३० एमएलडीचं होतं आणि खर्च दोनशे कोटींच्या आत. मधल्या वर्षांतली महागाई धरा, प्रक्रियेचे नवे निकष धरा, तरी दहापट फरक होत नाही. फरक कुठला? नव्या प्रकल्पातला मोठा भाग जमिनीखालचा आहे: सुमारे ५०० किलोमीटर मलवाहिन्या, नदीकाठानं अडवून वळवायच्या लाईनी, पंपिंग स्टेशनं. रस्ते खोदायचे, अरुंद गल्लीत वीस फुटांवर पाईप टाकायचा, आधीची पाण्याची लाईन आणि केबल सांभाळायची, मग रस्ता परत करून द्यायचा. त्यानंतर घरोघरच्या सेप्टिक टँकची जोडणी तोडून चेंबरला जोडायची, आणि ते करताना घरमालक म्हणणार, आमचं तर बरं चाललं आहे.

या पाईपला ग्राहक नाही. कोराडी त्यासाठी पैसे देणार नाही, आणि देऊही नयेत. सांडपाण्याच्या धंद्यात विकता येतो तो फक्त शेवटचा टप्पा. सगळ्यात महाग असलेला पहिला टप्पा, घर ते केंद्र, हा नेहमीच सार्वजनिक पैशातून होतो. कराचा, अनुदानाचा, किंवा कराच्या भरवशावर काढलेल्या कर्जाचा. नागपूरचं प्रकरण शिकवायला घेणारे बहुतेकजण शेवटच्या टप्प्यावर थांबतात.

पंधरा कोटींचं काय करता आलं असतं

नाग नदी प्रकल्पात महापालिकेचा वाटा सुमारे ३०४ कोटींचा आहे. बाकीचं केंद्र आणि राज्य. आता वर्षाला खात्रीनं येणाऱ्या १५ कोटींची ताकद बघू.

गाझियाबाद महापालिकेनं २०२१ मध्ये देशातला पहिला हरित महापालिका रोखा, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी गुंतवणूकदारांकडून घेतलेलं कर्ज, काढला: १५० कोटी, व्याज ८.१ टक्के, सांडपाण्यावर तृतीय स्तराची प्रक्रिया करून साहिबाबादच्या उद्योगांना पुरवण्यासाठी. रोखे काढणाऱ्या शहरांना केंद्र शंभर कोटींमागे १३ कोटींचं प्रोत्साहन देत होतं, तेही तिला मिळालं. त्याच व्याजदरानं दहा वर्षांत समान हप्त्यांनी फेडायचं ठरवलं तर वर्षाला १५ कोटींच्या उत्पन्नावर साधारण १०० कोटी उभे राहतात. वीस वर्षांची मुदत मिळाली तर दीडशेच्या जवळ. म्हणजे नदी प्रकल्पातल्या महापालिकेच्या वाट्याचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग नुसत्या मैल्याच्या विक्रीतून निघू शकतो. मालमत्ता कराला हात न लावता.

अट एकच, ते पैसे वेगळ्या खात्यात पडले पाहिजेत. एस्क्रो खातं, त्यातून आधी रोख्याचा हप्ता, उरलं तर वाहिन्यांची दुरुस्ती, आणि सर्वसाधारण तिजोरीत काही नाही. रोखे घेणारा हेच आधी विचारतो. रक्कम लहान असली तरी चालते, ती दुसरीकडे वळवता येऊ नये एवढंच त्याला पाहिजे. वीज कंपनीकडून करारानं येणारी रक्कम मालमत्ता करापेक्षा गुंतवणूकदाराला जास्त भरवशाची वाटेल, कारण निवडणुकीच्या वर्षात तिला कुणी माफी जाहीर करू शकत नाही.

जिथे ग्राहक नाही तिथे काय, याचं एक उत्तर गंगेच्या काठी शोधलं गेलं. २०१६ पासून नमामि गंगेत हायब्रिड अॅन्युइटीची पद्धत आली. ठेकेदाराला बांधकामाच्या काळात चाळीस टक्के रक्कम, उरलेली साठ टक्के पंधरा वर्षांत हप्त्यानं, आणि हप्ता बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या दर्जाशी बांधलेला. ब्लोअर बंद ठेवले तर वीज वाचते पण हप्ता जातो. कोराडीच्या कूलिंग टॉवरनं जे काम आपोआप केलं, ते इथे कराराच्या कलमानं करायचा प्रयत्न आहे. मात्र तो हप्ता केंद्राच्या तिजोरीतून येतो म्हणून ठेकेदार आणि त्याची बँक तयार होतात. एकट्या महापालिकेच्या सहीवर पंधरा वर्षांचं वचन घ्यायला किती बँका पुढे येतील, याविषयी मला शंका आहे.

नागपूरच्या वाटेनं जाऊ बघणाऱ्यांसाठी

केंद्राच्या अमृत २.० या शहरी पाणी आणि मलनिःसारण योजनेत शहराच्या पाण्याच्या मागणीपैकी वीस टक्के आणि राज्य पातळीवर उद्योगांच्या मागणीपैकी चाळीस टक्के पुनर्वापरातून भागवण्याचं लक्ष्य आहे. त्यामुळे बरीच शहरं आता ग्राहक शोधायला निघाली आहेत. त्यांनी नागपूरकडे पाहताना तिथली जुळून आलेली परिस्थिती आधी ओळखावी: सरकारी मालकीचा एकच मोठा ग्राहक, त्याला विस्तारासाठी पाण्याची निकड, ताजं पाणी मिळणं राजकीयदृष्ट्या अवघड, आणि नेमक्या वेळी सत्तर टक्क्यांचं अनुदान. यातलं एक जरी नसतं तरी सौदा लांबला असता. नुसत्या स्वस्त पाण्यासाठी कुणी आलं नसतं. धरणाचं पाणी उद्योगाला ज्या दरानं मिळतं तो दर कमी असेल, तर प्रक्रिया केलेलं सांडपाणी त्याच्याशी स्पर्धा करू शकत नाही. महाराष्ट्रात हे ठोक दर जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवतं. सांडपाण्याच्या बाजाराची किल्ली बऱ्याच अंशी तिथे आहे, महापालिकेकडे नाही.

करार लिहिताना मी तीन गोष्टींवर अडून बसेन. वार्षिक ठोक रक्कम घेऊ नये, दर घनमीटरवर असावा आणि तो प्राधिकरणाच्या ठोक दराशी जोडलेला असावा. पंधरा कोटी दहा वर्षांनीही पंधरा कोटीच राहिले तर महागाईमुळे त्यांची किंमत बरीच खाली येते. ग्राहकानं पाणी कमी उचललं तरी प्रक्रिया थांबणार नाही आणि त्या दिवसांचा चालू खर्च कुणाचा, हे आकड्यासह लिहावं. आणि स्वच्छ पाण्याचा काही हिस्सा, उन्हाळ्यात तरी, विक्रीतून वगळून नदीत सोडावा. या तिसऱ्या अटीला लेखा विभाग हरकत घेईल, कारण त्यातून उत्पन्न बुडतं. भांडेवाडीच्या खाली, कन्हानपर्यंतच्या गावांना आणि त्यापुढे वैनगंगेचं पाणी पिणाऱ्यांना त्या हरकतीची किंमत मोजावी लागते, आणि त्यांची सही कुठल्याच करारावर नाही.